अक्रोडाखालचे कंद

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
गुरुवार, १९ मार्च १९८७

चि. विक्रम यास पद्मिनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवलंस तरी मी तुला नावं ठेवणार नाही. पण तू तसं करणार नाहीस, तुझा स्वभावच तसा नाही. पत्ता शरयूकडून घेतला. शरयू म्हणजे माझी सनीव्हेलची मैत्रीण. आमच्याकडे राहायला आली होती तेव्हा तू तिला बसस्टॉपवरून आणलं होतंस. रेडमंडला जाऊन तुला वर्ष होऊन गेलं, सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीत काम करतोस, हे सगळं तिच्याकडूनच कळतं. तब्येत कशी आहे? खांदा थंडीत दुखतो का अजून? जेवणाचे हाल करून घेऊ नकोस. तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या, तेव्हा काय खात असशील देव जाणे.

इकडे या वर्षी थंडी फार रेंगाळली. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत जमिनीत खुरपं जात नव्हतं. मग तीन दिवस ऊन पडलं आणि माझे स्नोड्रॉप एकदम वर आले. तू त्यांची किती थट्टा करायचास! "मावशी, एवढ्याशा पांढऱ्या फुलासाठी चिखलात गुडघे टेकायचे, आणि बघायचं काय, तर आतला हिरवा ठिपका!" अरे, त्या ठिपक्यातच सगळी गंमत आहे. कुणाचा उलट्या होडीसारखा, कुणाचे दोन सुटे, कुणाचा पिवळट. माझ्या वहीत आता त्रेचाळीस जाती झाल्या. कुठून आणली, कुणी दिली, कधी लावली, सगळं लिहिलेलं.

तुमच्याकडे म्हणे जानेवारीतच फुलतात. पावसाळी हिवाळा, जमीन गोठत नाही, त्यामुळे नुसते टाकले तरी पसरतात. गोगलगायी तेवढ्या सांभाळायच्या. शरयूचं नेमकं उलटं. सनीव्हेलला थंडी आणायची कुठून? ती कुंडीसकट कंद फ्रिजमध्ये ठेवते, सहा-सहा आठवडे. दुधाची कॅन ठेवायला जागा उरत नाही म्हणून तिचा नवरा कुरकुरतो. एवढं करून बोटभर उंचीची दोन फुलं येतात, तीही मान टाकलेली. तरी ती मला फोन करून सांगते आणि मी इकडे आनंदाने उड्या मारते. या वेडाला औषध नाही.

मी उगाच लांबण लावते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

गेल्या रविवारी शरयूचा फोन आला, तो फुलांबद्दल नव्हता. ती म्हणाली, "पद्मिनी, तू एकनाथरावांना नेमकं काय लिहिलं होतंस गं?"

तुझ्या कानावर किती आलंय मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. एकनाथराव म्हणजे शरयूचे थोरले दीर, प्रतिमाचे वडील. तुझं आणि प्रतिमाचं शरयूनेच जुळवलं. तुम्ही दोनदा भेटलात, फोनची बिलं वाढवलीत, मुलगी हो म्हणाली, हे सगळं मला तिने हौसेने सांगितलं होतं. पण आपल्या लोकांची रीत तुला ठाऊक आहे. मुलामुलीचं जमलं तरी चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय मुलीच्या बापाला चैन पडत नाही. देशात शेजारीपाजारी असतात, ऑफिसातली माणसं असतात. इथे तुझं म्हणून विचारायचं कुणाला? नोव्हेंबरात त्यांचं पत्र आम्हाला आलं. 'मुलगा विद्यार्थी असताना आपल्या घरी नेहमी येत असे, असे समजले. आपल्यावर कोसळलेल्या प्रसंगाचीही कल्पना आहे. तरी मोठ्या मनाने मुलाच्या वागणुकीविषयी, काही व्यसन वगैरे असल्यास त्याविषयी, दोन ओळी लिहाल तर उपकार होतील.'

तुझ्या काकांनी ते पत्र वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. म्हणाले, "मला जमायचं नाही. तुला काय लिहायचं ते लिही."

मी लिहिलं. मुलगा हुशार आहे. घरचा चांगला आहे. आमच्या घरात कधी वावगं वागला नाही. आणि शेवटी लिहिलं, 'त्याच्या हातून जे झालं त्याबद्दल आम्ही काही न बोललेलंच बरं.'

वाईट असा एक शब्दही लिहिला नाही, अशी मी माझी समजूत घातली. पण मी काही काल लग्न होऊन आलेली पोरगी नाही. अशा पत्रात 'न बोललेलंच बरं' याचा मुलीचा बाप काय अर्थ काढतो, हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते शब्द निवडले. का, ते विचारू नकोस; विचारशीलच तर सांगते. माझ्या मुलाचं लग्न व्हायचं नाही आणि तुझं होणार, हे मला त्या दिवशी सहन झालं नाही.

शरयू म्हणाली, एकनाथरावांनी तुला फोन करून सरळ विचारलं होतं. आणि तू म्हणालास, "मावशी म्हणत असतील तर बरोबरच असेल." तिथेच लग्न मोडलं.

मी फोन ठेवला. अरे, दुसऱ्यांदा! एकदा केलंस ते पुरे नव्हतं का?

पहिल्यांदाचं मी आजपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. आज लिहिते. त्या रविवारी, तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, काका कॉन्फरन्सला पिट्सबर्गला गेले होते. तू दर रविवारसारखा जेवायला आला होतास. तुला आणि माझ्या श्रीरंगला डोंगरापलीकडे मिसेस योडरच्या शेतावर मी पाठवलं. तुझ्या मनात जायचं नव्हतं. रेडिओवर सकाळपासून सांगत होते की दुपारनंतर पाऊस पडेल आणि पडल्या पडल्या रस्त्यावर गोठेल. तू म्हणालास, "मावशी, उद्या जाऊ. क्लास बुडवतो मी." मी म्हटलं, आजच गेलं पाहिजे. योडरबाई वृद्धाश्रमात गेल्या, पुतण्याने जमीन विकली, उद्या सकाळी बुलडोझर येणार. अक्रोडाखालचे स्नोड्रॉप आज नाही काढले तर संपले. त्यांचे कंद हिरव्या पातीसकटच हलवावे लागतात, वाळले की मरतात, हे मी तुला ऐकवून ऐकवून पाठ करवलं होतं. तू गेलास.

येताना पुलावर गाडी घसरली. श्रीरंग तुझ्या शेजारी बसला होता, कठडा त्याच्या बाजूला लागला.

संध्याकाळी काका हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. तू कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर होतास, खांदा बांधलेला. काकांनी विचारलं, "असल्या हवेत कुणाच्या सांगण्यावरून निघालात?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी पण तुझ्याकडे पाहिलं. मग तू म्हणालास, "कुणाच्याच नाही, काका. असंच चक्कर मारायला निघालो. मला वाटलं, हळू चालवीन." काका तुला म्हणाले, "तू खून केलास माझ्या मुलाचा." मी त्यांचा कोट हातात धरून उभी होते. तोंडात मिठाची गुळणी धरली होती, ती तेव्हापासून आहे.

पुढचं तुला माहीत आहे. मराठी मंडळाच्या संक्रांतीला, गणपतीला कुणीतरी म्हणायचं, पोरं प्यायली असतील. मी ताटं वाढत राहायची. तुझी पीएचडी राहिली. तू गाव सोडून गेलास.

आता काका युनिव्हर्सिटीतून येतील. पत्र इथेच थांबवते, बंद करत नाही.


रविवार, २२ मार्च

विक्रम, गुरुवारी संध्याकाळी मी काकांना सांगितलं. आधी त्यांना सांगितल्याशिवाय हे पत्र टाकणं म्हणजे पुन्हा तुझ्याच आड लपणं झालं असतं. ते बूट काढत होते. मी उभ्याउभ्याच बोलले, तुला वर लिहिलंय तेवढं सगळं. एक बूट पायात तसाच ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. तुला माहीत आहे, त्यांचा स्वभाव परीक्षेचे पेपर तपासायचा. म्हणाले, "तो मुलगा घाबरट नव्हता, पण जपून वागणारा होता. रेडिओवर सांगतायत, त्याला जायचं नाही, आणि तू नुसतं 'जा' म्हटल्यावर तो गेला? कसा गेला?"

तेव्हा मला सांगावं लागलं, आणि आता तुलाही लिहिते, जरी तू तिथे होतास. मी तुझ्या पानात भात वाढत होते. मी म्हटलं, "तुम्ही नागपूरकर उन्हात शूर. इथे चार थेंब पडले की गोधडीत." श्रीरंग हसला. तू पण हसलास, पण तुझे कान लाल झाले होते. मग श्रीरंग तुझ्याकडूनच उचललेल्या त्या 'यार'सकट म्हणाला, "कमॉन यार विक्रम, लेट्स जस्ट गो. शी इज नॉट गोइंग टु लेट इट गो." माझा मुलगा मला ओळखून होता. तू भात टाकून उठलास. माझ्या घरातून पानावरून उपाशी उठलेला तू एकटाच.

काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि बुलडोझर सोमवारी आला?"

विक्रम, हे तुला माहीत नाही. तीन वर्षं तू जे अंगावर घेतलंस ते मावशीची नड खरी होती असं समजून घेतलंस. म्हणून आता शांतपणे वाच.

बुलडोझर सोमवारी येणार नव्हता. ते घर पाडलं जूनमध्ये. एप्रिल अखेरपर्यंत केव्हाही या आणि न्या, असं त्या पुतण्याने मला स्वतः सांगितलं होतं. पण योडरबाईंनी ते कंद दोघींना कबूल केले होते. अर्धे मला आणि अर्धे बागेच्या क्लबातल्या एका बाईला. सोमवारी सकाळी आम्ही दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं. त्या अक्रोडाखालच्या फुलांत बाहेरच्या तिन्ही पाकळ्यांच्या टोकांवरही हिरवा ठिपका होता. मी तसलं फूल कुणाकडे पाहिलं नव्हतं. ते सगळे मला हवे होते, तिच्या आधी. तिला सांगणार होते की बुरशी लागून गेले.

म्हणून बुलडोझर. श्रीरंगला मी दाराशी हळूच सांगितलं होतं, एकही ठेवू नका. तो म्हणाला होता, "दॅट्स नॉट फेअर, आई, इज इट?" त्याला सोमवारचं ठाऊक होतं. तरी गेला. तुला त्याने गाडीत काही सांगितलं असेल तर मला कळवू नकोस.

मी हे बोलल्यावर काकांनी दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "मी त्याला खुनी म्हटलं, पद्मिनी. आणि तू माझा कोट धरून उभी होतीस." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. अंथरूण श्रीरंगच्या खोलीत नेलं आहे. सकाळी चहा करतात, एक कप, स्वतःपुरता. तुला त्यांना फोन करावासा वाटेल. इतक्यात करू नकोस. त्यांना तुझ्याशी बोलायचं आहे, पण शब्द कुठून आणायचे ते त्यांना कळत नाहीये. काल फोनजवळ बराच वेळ बसले होते. मग उठून गेले.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते, म्हणजे राहिलं काही नाही. पोलिसांनी श्रीरंगच्या सामानाबरोबर तो कंदांचा खोका आणून दिला. घड्याळ, पाकीट, जॅकेट आणि खोका. काकांनी बघितलंही नाही. मी तो गराजमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी घरात माणसं भेटायला बसलेली असताना मी हात धुवून येते असं सांगून मागच्या दाराने गेले आणि ते कंद लावले. पाती मऊ पडायला लागल्या होत्या. आणखी एक दिवस गेला असता तर सगळे वाया गेले असते. हाच विचार माझ्या डोक्यात होता, त्या दिवशी, त्या वेळी. एकतीस होते. श्रीरंगने त्याच्या रुमालात मुळं गुंडाळली होती, मी शिकवलं होतं तशी. रुमाल ओला करून, माती न झटकता.

ते आता दुप्पट झालेत. वहीत त्यांची नोंद नाही. आज सकाळी मी खुरपं घेऊन गेले होते, सगळे उपटून कचऱ्यात टाकावेत म्हणून. टाकता आले नाहीत. माझ्याबद्दल हेही तुला कळलेलं बरं. मग अर्धे काढून एका खोक्यात भरले, क्लबातल्या त्या बाईच्या दारी नेऊन दिले आणि तिलाही सगळं सांगितलं. तिने खोका माझ्या हातातून घेतला आणि दार लावून घेतलं.

काल एकनाथरावांना फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "वहिनी, हे नोव्हेंबरात सांगायला हवं होतं." प्रतिमाचा दुसरीकडे साखरपुडा झाला आहे. लग्न मे महिन्यात पुण्याला आहे. मी विचारलं, तिला सांगाल का? ते म्हणाले, "आता सांगून तिचं काय भलं होणार?" मी म्हटलं, तिचं नाही, विक्रमचं होईल. निदान ती त्याला आज जसा समजते आहे तसा समजणार नाही. ते बघू म्हणाले. ते सांगणार नाहीत असं मला वाटतं. म्हणून हे पत्र तूच तिला पाठव, लग्नाआधी की नंतर, ते तू ठरव. तिला वेगळं लिहायलाही मी तयार आहे, पण तू सांगितल्याशिवाय तुमच्या दोघांमध्ये मी पुन्हा लेखणी घालणार नाही.

शरयूला सांगितलं आहे. मंडळाच्या गुढीपाडव्याला जाणार आहे, तिथेही बोलणार आहे. काका येणार नाहीत, मी बसने जाईन. लोक नंतर घरी येणं बंद करतील, करू देत.

तुझी क्षमा मागत नाही. मागितली की तू लगेच देशील, मला माहीत आहे, आणि मग सगळं पुन्हा तुझ्याच डोक्यावर येईल. या खेपेला तू काही द्यायचं नाहीस, काही झाकायचं नाहीस. कुणी विचारलं तर "मावशी म्हणत असतील तर बरोबर" हेच म्हण, पण हे पत्र समोर ठेवून म्हण.

ते फाडू नकोस. एक नक्कल तुझ्या आईला नागपूरला पाठव. तिने तीन वर्षं नातेवाइकांत मान खाली घालून काढली असतील आणि मी तिला एका ओळीचं पत्र लिहिलं नाही. पुढे तुझ्यासाठी कुठूनही चौकशी आली तर लोकांना माझा फोन नंबर दे. कितीही वेळा विचारू देत. मी प्रत्येक वेळी हेच सांगेन, यातलं एक अक्षर न गाळता.

तुला आणि श्रीरंगला खोटं सांगून त्या रस्त्यावर पाठवणारी,

पद्मिनी चंद्रशेखर वाघोलीकर